प्रमाण हात

'हातात मावतं ते' आणि 'हातात देता येतं ते' या दोन गोष्टी एकच आहेत, असं ज्या कोणा अधिकाऱ्याने ठरवलं आणि खाली सही ठोकली, त्याने जगातल्या यच्चयावत मनगटांशी गद्दारी केली आहे, असा आमचा उघड आरोप आहे. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही. सही वाचता येत नाही. (ती टेबलावर कोपर टेकवून, निवांत केलेली आहे, एवढं मात्र अक्षरावरून कळतं.)

वस्तू वाढते, हात वाढत नाही, हा निसर्गनियम आहे. आणि निसर्गाच्या हातून राहून गेलेल्या चुका निस्तरण्यासाठीच तर कंपन्या असतात. त्यांतली एक कंपनी हातात धरून खेळायचे कॉम्प्युटर बनवते. कंपनीच्या कागदांत त्यांना 'हस्तधार्य क्रीडा-संगणक' म्हणतात, बाजारात 'हँडहेल्ड' म्हणतात, आणि ज्या माणसाची ही गोष्ट आहे त्याच्या घरी 'ते धूड' म्हणतात.

कंपनीचं पहिलं मशीन शर्टाच्या खिशात जायचं. त्याचं नाव होतं 'हत्ती'. दुसरं कोटाच्या खिशात जायचं, ते 'ससा'. तिसऱ्याला खांद्यावरची पिशवी लागली, म्हणून ते 'चिमणी'. चौथं, 'मुंगी', स्वतःची चाकांची बॅग घेऊनच जन्माला आलं. मशीन जसजसं फुगत गेलं तसतसं नाव बारीक होत गेलं. जाहिरात विभागाचा हा नियमच होता: नाव आणि वजन मिळून भार तेवढाच राहिला पाहिजे. आता पाचवं मशीन तयार झालं होतं. त्याचं नाव 'राई'. ते दोघांनी मिळून गोदामातून आणलं.

कंपनी मनमानी करते असं मात्र कोणी म्हणू नये. प्रत्येक मशीनच्या आधी ग्राहकांना विचारलं जाई. गेल्या पाहणीत शंभरातल्या त्र्याण्णव जणांनी पडदा मोठा मागितला, अठ्ठ्याऐंशी जणांनी वजन कमी मागितलं, आणि एक्क्याऐंशी जणांनी एकाच दमात दोन्ही मागितलं. कंपनीने लोकशाहीला स्मरून बहुमताचं ऐकलं. अठ्ठ्याऐंशीपेक्षा त्र्याण्णव मोठे.

आता 'हस्तधार्य' असा शिक्का मारायचा तर ते हातात धरता येतं हे सिद्ध करावं लागतं. शिक्का नसला की तो नुसता कॉम्प्युटर. आणि नुसत्या कॉम्प्युटरला 'एवढासा कसा?' असं कोणी कौतुकाने म्हणत नाही. म्हणून कंपनीने सुरुवातीलाच एक हात नेमला होता. पगारी, पूर्ण वेळ, माणसासकट. त्या हाताचं पद 'प्रमाण हात', आणि त्याला लागून जो माणूस होता त्याला सगळा कारखाना मनगटराव म्हणायचा.

मनगटरावांची निवड रीतसर झाली होती. रांगेतल्या उमेदवारांत त्यांचा पंजा ना लांब ना आखूड, ना जाड ना बारीक, असा निघाला. इतका साधारण हात निवड समितीने पाहिला नव्हता. त्यांच्या आईने तेव्हा शेजारीपाजारी सांगितलं होतं, "माझ्या लेकात काही म्हणता काही विशेष नाही, असं लिहून दिलंय कंपनीने!" आणि त्या माउलीचा ऊर भरून आला होता.

काम दिसायला सोपं. कारखान्याच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली. तिच्यात एक बसचा बाक, एक पलंग आणि भिंतीला टेकून उभं राहायची जागा. पहिली उभी चाचणी: मशीन धरून उभं राहायचं आणि चेहरा प्रवासात असल्यासारखा ठेवायचा. दुसरी बस-चाचणी: बाकावर बसून खेळायचं, पण शेजारच्या प्रवाशाला कोपर लागता कामा नये. शेजारचा प्रवासी म्हणून पॅकिंग विभागातल्या एक मावशी बसत. तिसरी पलंग-चाचणी: उताणं पडून मशीन तोंडावर धरायचं आणि डुलकी घ्यायची. 'हत्ती' तोंडावर पडायचा तेव्हा गंमत वाटायची. 'चिमणी' पडली तेव्हा नाकातून रक्त आलं. 'मुंगी'च्या वेळेपासून कंपनीने नाकरक्षक दिला आणि चाचणीच्या नावातून 'डुलकी' हा शब्द काढला.

बस-चाचणीत मावशींच्या बरगडीत कोपर जायचंच. "अरे बाबा, हे बसमध्ये नेणाराला दोन तिकिटं काढावी लागतील," त्या म्हणायच्या. "एक त्याचं, एक माझ्या बरगडीचं."

"मावशी, नोंद काय करू? शेजाऱ्याला त्रास झाला?"

"लिही, शेजारी उठून गेला. म्हणजे जागा झाली. म्हणजे मशीन मावलं. पास कर आणि चहाला चल."

मनगटराव तसंच लिहायचे. आणि बघा, त्यात खोटं काहीच नव्हतं.

खरी गोम वेगळीच होती, आणि ती इतकी वर्षं कोणाच्या ध्यानात आली नाही. मोजपट्टीला रोज तालमीत पाठवलं तर ती लांब होणारच. मनगटराव रोज मशीन उचलत, त्यामुळे त्यांचं उजवं मनगट दर मॉडेलगणिक दणकट होत गेलं. 'हत्ती'च्या वेळी ते साधारण माणसाचं मनगट होतं. 'चिमणी'च्या वेळी सुताराचं झालं, 'मुंगी'च्या वेळी पैलवानाचं. डावा हात मात्र आईने कौतुक केलं होतं तसाच राहिला. शर्टाची उजवी बाही शिंप्याकडून वेगळी शिवून घ्यावी लागे. पण कागदोपत्री तो हात अजून 'साधारण'च होता. साधारण म्हणजे काय, तर मनगटरावांचा हात. आणि मनगटरावांचा हात कसा, तर साधारण. अशा गोल युक्तिवादाला बाहेरून भोक पाडता येत नाही, आणि आतल्यांना गरज नव्हती.

त्यामुळे प्रत्येक मशीन पास झालं. ग्राहकांच्या तक्रारी यायच्या, की अंगठा बधिर होतो, खांदा भरून येतो, छातीवर ठेवून खेळलं की श्वास लागतो. कंपनी प्रत्येकाला आदराने उत्तर पाठवी: 'आपल्या मशीनची तपासणी केली असता ते निर्दोष आढळले. आपला हात नापास झाला आहे. सोबत व्यायामाचा तक्ता जोडला आहे.'

मग मनगटरावांना मुलगी झाली. नेमकं त्याच सुमाराला मनगट गेलं.

गेलं म्हणजे एकदम नाही. आधी किल्ली फिरवताना कळ आली, मग बाटलीचं झाकण निघेना. पैलवान आखाड्यात नाही, घरी झाकणाशी हरतो. एक दिवस बायको म्हणाली, "अहो, पोरीला धरा जरा, मी पाणी काढते." त्यांनी पोरीला घेतलं, हात लटलट कापायला लागला, आणि त्यांनी घाईघाईने तिला सरावासाठी घरी आणलेल्या मशीनच्या स्टँडवर टेकवलं. स्टँड चांगला होता. कोन बदलता येत होता. पोरगी मजेत होती. बायको मात्र दारात थिजून उभी राहिली.

"पोर आहे ती. चार्जिंगला लावलीत?"

"अगं, पाठीला आधार मिळतो त्याने."

"आधाराला बाप असतो. ते धूड दिवसभर छातीशी धरता आणि हिला घ्यायची वेळ आली की हात थरथरतो. त्याच्यात असं काय आहे जे हिच्यात नाही?"

"पगार," मनगटराव म्हणाले. उत्तर खरं होतं. बायकोने पोरीला स्टँडवरून उचललं.

तिसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी मनगट दाबलं, वळवलं, मनगटरावांच्या तोंडून आवाज काढवून घेतला. "काय उचलता रोज?" त्यांनी विचारलं. मनगटरावांनी मशीनचं वजन सांगितलं. "आणि बाळाचं?" बायकोने बाळाचं सांगितलं. बाळ हलकं निघालं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "या मनगटात आता एकाच वस्तूपुरता जोर उरलाय. दोन्ही उचलाल तर अंगठा मिटायचा बंद होईल, मग ऑपरेशन, आणि तरी मिटेल याची खात्री नाही. एक काय ते ठरवा."

"हीपण वाढणार आहे हो," बायको वाटेत म्हणाली. "दर वर्षी नवं मॉडेल. आणि हिला नापास करता यायचं नाही."

मनगटराव दुसऱ्या दिवशी साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आकार विभागाचे प्रमुख. मशीन केवढं करायचं ते तेच ठरवत. ते टेबलाखाली धरलेल्या जुन्या, बोटभर फोनवर रंगीत गोळ्या फोडत होते. (ते घरीही त्यावरच खेळत. कंपनीच्या मशीनवर खेळून नीट विचार करता येत नाही, असं त्यांचं मत होतं.)

"साहेब, राई जड झालीय."

"कुणाला?"

"मला."

साहेबांनी फोन बाजूला ठेवला. हे गंभीर होतं. "मनगटराव, तुमचा हात प्रमाण आहे. प्रमाणाला जड कसं होईल? दुकानातलं किलोचं माप कधी म्हणतं का, की आज मला जरा किलोभर वाटतंय?"

"पण दुखतंय, साहेब."

"दुखणं हे खासगी आहे. धारण करणं हे कार्यालयीन आहे. दोन्हींची सरमिसळ करू नका." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमचा त्रास ओळखूनच आम्ही व्याख्या सुधारल्यात. हे वाचा."

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं:

हात – खांद्यापासून पुढे जे काही असेल ते. गरज पडल्यास मांडी व पोट धरून.

खिसा – कापडाची कोणतीही पोकळी. तिला चाकं असल्यास हरकत नाही.

प्रवास – पलंगापासून सोफ्यापर्यंतचं अंतर, अथवा त्याहून लांबचं कोणतंही.

बॅटरी – पाठीवर बांधली असता पोशाख समजावी.

चार्जर – सामान. सामान म्हणजे मशीन नव्हे.

मनगटरावांनी वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या हाताची व्याख्या पोटापर्यंत आलेली दिसली. "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर दुसरा हात बघावा लागेल. गेटवरचा रखवालदार आहे. सकाळी ते लोखंडी शटर एका हाताने वर करतो. साधारण माणूस आहे तसा." साहेबांनी पुन्हा फोन उचलला. "पण तशी वेळ येणार नाही. अनावरण समारंभात तुम्हीच हवेत. जाहिरात विभागाने फार गोड कल्पना काढलीय. तुम्हाला बाळ झालंय ना? एका हातात बाळ, एका हातात राई. खाली ओळ: 'दोन्ही तितकीच हलकी'. डोळ्यांत पाणी येईल लोकांच्या."

ते मनगटरावांच्या डोळ्यांत आधीच आलं होतं. पण घरी चूल पगारावर पेटते, त्यामुळे त्यांनी मान हलवली. ती 'हो' अशी हलली की 'नाही' अशी, हे साहेबांनी पाहिलं नाही. त्यांच्या सात गोळ्या एकदम फुटल्या होत्या.

घरी सांगितल्यावर बायकोने शांतपणे विचारलं, "डावा हात?"

"डाव्याला सवय नाही. राई पेलणार नाही त्याला. राई उजव्यातच धरावी लागेल."

"म्हणजे पोर डाव्यात."

"हो. पण उजवा लटपटला की सगळं अंगच एका बाजूला जातं."

"मग एवढं विचारून घ्या साहेबांना. दोघांतलं एक पडलं तर बदलून देतात का? गॅरंटी कशावर आहे?"

विचारण्यासारखा प्रश्न होता. मनगटरावांनी तो विचारला. जाहिरात विभागाने कळवलं की राई पडली तर तिच्यावर वर्षभराची गॅरंटी आहे. बाळाबद्दल माहितीपत्रकात काही नाही.

समारंभाला सभागृह खचाखच भरलं होतं. व्यापारी, पत्रकार, आणि आवाज करायला आणलेले चाहते. मंचावर खोलीतला बसचा बाक आणून मांडला होता, आणि खरेपणासाठी मावशींना नवी साडी नेसवून शेजारी म्हणून बसवलं होतं. पहिल्या रांगेत बायको, मांडीवर पोरगी. साहेब माइकवर होते. हस्तधार्यतेचा इतिहास सांगताना ते गुहेत राहणाऱ्या माणसापासून सुरू झाले. त्या माणसानेही म्हणे पहिला दगड हातात मावतो का हे पाहिलं नव्हतं. उचलला आणि प्रगती झाली.

मग राई आली. दोघांनी आणली, पण ते पडद्याआड थांबले. मनगटरावांच्या पाठीवर पोशाख बांधला, म्हणजे बॅटरी. राईला थंड ठेवणारा पंखा सुरू झाला तसे पहिल्या रांगेतल्यांचे केस हलले. मनगटरावांनी उजव्या हातात राई उचलली. टाळ्या पडल्या. चेहरा प्रवासात असल्यासारखा होता. फक्त प्रवास कुठला ते कळत नव्हतं.

"आणि आता," साहेब म्हणाले, "बाळराजे!"

"मुलगी आहे," बायको खालून म्हणाली.

"बाळराणी!" साहेब म्हणाले. व्याख्या सुधारायला त्यांना वेळ लागत नसे.

बायको मंचावर चढली. पोरीला पुढे केलं, पण सोडलं नाही. नवऱ्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा पांढरा पडला होता, मनगटातली शीर टणटण उडत होती. "घेताय?" ती हळूच म्हणाली. "मी सोडल्यावर तुमचा हात आहे."

कॅमेरे वर झाले. साहेब ओठांवर हसू धरून उभे होते आणि त्यांना ते जड जात नव्हतं.

मनगटरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मंचावर टेबल नव्हतं; टेबल दिसलं तर लोक काय म्हणतील म्हणून मुद्दाम ठेवलं नव्हतं. बाक होता. बाकावर मावशी होत्या. त्यांनी राई सावकाश खाली आणली आणि मावशींच्या मांडीवर ठेवली.

"अरे मेल्या!" मावशी ओरडल्या. "मी शेजारी आहे, तिपाई नाही!"

मावशींच्या गळ्यात माइक होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. तोवर मनगटरावांनी दोन्ही हात पुढे करून पोरीला घेतलं होतं, घट्ट, छातीशी. पाठीवर बॅटरी तशीच गुरगुरत होती. पोरीने त्यांचा कान धरला. हात कापला, पण एकाच गोष्टीपुरता जोर होता तो पुरला.

इथे दुसरा कोणी असता तर गडबडला असता. साहेब गडबडले नाहीत. क्षणभर थांबून ते माइकवर म्हणाले, "मित्रहो, हेच ते! जगात पहिल्यांदाच! राई घेऊन येते आहे 'शेजार-सुविधा'! मशीन तुमचं, मांडी शेजाऱ्याची! याहून हलकं काय असेल?"

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. एका पत्रकाराने विचारलं, शेजारी मशीनसोबत मिळतो की वेगळा घ्यावा लागतो? साहेब म्हणाले, त्यावर काम चालू आहे.

दुसऱ्या दिवशी मनगटरावांना पत्र मिळालं. त्यांचा हात 'केवळ कौटुंबिक वापरास योग्य' ठरला होता. प्रमाण हाताचं पद आधी मावशींच्या मांडीला देऊ केलं. "या मांडीवर तीन नातवंडं वाढली," मावशी म्हणाल्या, "पण त्यांना पंखा नव्हता," आणि पॅकिंगमध्ये निघून गेल्या. रखवालदाराला विचारलं तर त्याला शटर परवडत होतं. शेवटी ते पद एका टेबलाला मिळालं. टेबल कधी दुखतं म्हणत नाही, टेबलाला पोर होत नाही, आणि चार पाय असल्याने बढतीला भरपूर वाव आहे. आता प्रत्येक मशीन टेबलावर ठेवून तपासतात. ते टेबलावर राहिलं, म्हणजे हातात राहिलं.

मनगटरावांना अर्ध्या पगारावर तळमजल्यावरच्या तक्रार कक्षात बसवलं. बायकोने शिवणाचं काम धरलं, तेव्हा पोरगी दिवसा त्यांच्याजवळ असते. कक्षात गर्दी अजिबात नसते. तक्रारदाराने मशीन स्वतः उचलून आणलं पाहिजे असा नियम आहे. ज्याला आणता येत नाही त्याची तक्रार घेतली जात नाही, आणि ज्याला आणता येतं त्याची तक्रार खोटी ठरते. त्यामुळे जड असल्याच्या तक्रारी यंदा शून्यावर आल्या. वार्षिक अहवालात त्याचा आलेख छापलाय.

आणि आज तुम्ही आलात.

हो, तुम्हीच. सोबत तुमचा मेव्हणा होता, आणि राई त्याच्याकडे होती. "फार जड आहे हो," तुम्ही म्हणालात, "मनगट गेलं माझं. लाज वाटली पाहिजे या लोकांना." मनगटरावांनी मान डोलावली, पोरीला खांद्यावर सरकवलं आणि लिहायला पेन उघडलं. इतक्या दिवसांनी त्यांना कोणीतरी आपलं माणूस भेटलं होतं.

मग तुम्ही काउंटरवर वाकलात आणि आवाज खाली आणून विचारलंत, "पुढच्यात पडदा याहून मोठा आहे ना? बुकिंग कधी सुरू?"

मनगटरावांनी पेन मिटलं. "सांगतो," ते म्हणाले. "आधी एक सांगा. आज सोडून, हे मशीन तुम्ही घराबाहेर कधी नेलं होतंत?"

तुम्ही मेव्हण्याकडे पाहिलंत. मेव्हणा समोरच पाहत राहिला. त्याची हनुवटी राईवर टेकलेली होती. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलंत, "तसं नाही, पण..." असं म्हणालात आणि थांबलात.

पोरगी खांद्यावर झोपलीये. हात अवघडलाय. मनगटराव तो बदलत नाहीत, आणि तुम्ही बोलेपर्यंत कक्षही बंद करणार नाहीत. विचारतायत ते: कधी नेलं होतंत? बोला.